सबस्क्रिप्शन कॅन्सल करायला गेलो आणि आजींचं दूध आदल्या दिवशी सापडलं

२०२४ च्या दिवाळीच्या आसपास मी एका क्लाउड ॲप बिल्डरचं (फारसा कोड न लिहिता ॲप बनवू देणाऱ्या ऑनलाइन सर्व्हिसचं) सबस्क्रिप्शन बंद केलं. ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं पण मला सव्वा महिना लागला. त्यात जे कळलं ते लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं, कारण आपल्याकडे असे बरेच जण आहेत ज्यांनी कुणा काका-मामाच्या धंद्यासाठी प्रेमाने एखादं छोटं ॲप बनवून दिलंय आणि त्याचं बिल गुपचूप कुठल्यातरी कार्डावरून जातंय.

आमच्या काकांचं गावी, कराडच्या पुढे, दूध संकलन केंद्र आहे. साठ-पासष्ट घरं दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लिहायचं, दर महिन्याला १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते अखेर अशी तीन बिलं काढायची, त्यातून पेंडीचे पैसे आणि उचल कापायची. २०२१ मध्ये मी पुण्यात बसून त्यांना एक ॲप करून दिलं. कोड फारसा लिहावा लागला नाही, त्या सर्व्हिसमध्ये स्क्रीन ओढून लावायच्या, डेटाबेस त्यांचाच, लॉगिन त्यांचंच, प्ले स्टोअरवर टाकायची ॲपची फाइलसुद्धा त्यांच्याच सर्व्हरवर तयार व्हायची. महिन्याला १९ डॉलर, तेव्हा कार्डावर साधारण दीड हजार पडायचे. काकांनी ते आनंदाने दिले, कारण रात्री दिव्याखाली वही घेऊन बिलं जुळवत बसणं थांबलं होतं.

मग २०२४ च्या सप्टेंबरात मेल आला की तुमचा जुना प्लॅन बंद होतोय, पुढचा प्लॅन ४९ डॉलर. कार्डावर साडेचार हजाराच्या आसपास. साठ घरांच्या केंद्राला हा आकडा झेपणारा नाही, त्यामुळे बंद करायचं हे लगेच ठरलं.

इथं आधी एक सांगतो, कारण पहिला विचार सगळ्यांच्या मनात तोच येतो: "कार्डच ब्लॉक करू, किंवा बँकेत जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, काढून टाकू." रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी बँकेला किमान २४ तास आधी आपल्याला मेसेज पाठवावा लागतो आणि तिथून ते थांबवताही येतं. पूर्वी ५,००० च्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागायचा, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली, म्हणून आपल्यासारख्यांची छोटी बिलं ओटीपीशिवाय जात राहतात आणि लक्षात येत नाहीत. पण बँकेत मँडेट बंद केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नाही हो. तिकडे इनव्हॉइस निघतच राहतं, ते थकलं की अकाउंट सस्पेंड होतं, आणि सस्पेंड झालेल्या अकाउंटमधून बऱ्याचदा डेटा बाहेर काढता येत नाही. तुमच्या सगळ्या नोंदी आत आणि तुम्ही दाराबाहेर. म्हणून आधी डेटा, मग कॅन्सल, आणि मँडेट सगळ्यात शेवटी.

दसऱ्याला गावी गेलो ते लॅपटॉप घेऊनच. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "आरं, पण फरकाचं काय?" ज्यांच्या घरी दूध घालतात त्यांना हे सांगायला नको. दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या एकूण लिटरवर दूध फरक वाटतात, लिटरमागे ठरलेले पैसे. म्हणजे वर्षभराची एक-एक नोंद बरोबर पाहिजे. कुणाचे चाळीस लिटर जरी गहाळ झाले तरी त्या घरची करंजी-चकली कमी होते, आणि काकांवरचा विश्वास जातो तो वेगळाच.

एक्स्पोर्ट करायला बसलो. एका वेळी फक्त १०,००० ओळींची फाइल मिळत होती, आमच्या नोंदी सव्वा लाखाच्या वर, म्हणजे तेरा फाइली. पहिली एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी नुसतं टोपीवाले ए आणि कसलीकसली चिन्हं. काका मागे उभे होते, त्यांच्या पोटात गोळा आला असणार, माझ्या तर आलाच. पण नावं बिघडलेली नसतात, एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचत असतं. फाइलवर डबल क्लिक करायचं नाही, रिकामी शीट उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्यायचं आणि तिथं ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडायचं, की सगळी नावं व्यवस्थित दिसतात. त्याच वेळी मोबाईल नंबर आणि बँक खात्याच्या कॉलमला टेक्स्ट करून टाकायचं, नाहीतर खाते नंबराच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि सोळा आकडी खाते नंबराचा शेवटचा आकडाच शून्य होऊन बसतो. एकदा ते सेव्ह केलं की गेलं, परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट. वरच्या आळीतल्या एक आजी आहेत, एकच म्हैस, दीड-पावणेदोन लिटर दूध, पण पहाटे सगळ्यात आधी किटली घेऊन येणार त्याच. काका केंद्र पाचला उघडतात आणि पाच-दहाला आजींची नोंद झालेली असते. एक्स्पोर्टमध्ये मी डुप्लिकेट शोधत होतो, एकाच माणसाची एकाच तारखेला दोनदा 'सकाळ' असेल तर एक ओळ काढून टाकायची असं ठरवून. निघाल्या बऱ्याच ओळी, आणि जवळजवळ सगळ्या आजींच्याच. मी सिलेक्ट करून डिलीट दाबणारच होतो, पण दोन्ही ओळींतलं फॅट वेगळं दिसलं, एकीकडे ७.१ आणि दुसरीकडे ६.८. एकाच किटलीचं फॅट दोन कसं येईल? काकांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांचं दुधाचं कार्ड आणायला सांगतो थांब." आजी स्वतःच कार्ड घेऊन आल्या, पदराने पुसून माझ्या हातात दिलं, निळ्या पेनाने रोजची नोंद. कार्डावर एकही दिवस दोनदा नाही, एकही दिवस सुटलेला नाही. आणि माझ्या फाइलीत मात्र काही दिवशी दोनदा सकाळ, काही दिवशी सकाळच नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. ॲपमध्ये वेळ आपली दिसायची पण आतमध्ये ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि एक्स्पोर्ट तशीच देत होता. पहाटे ५:१० म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ११:४०. साडेपाचच्या आधी आलेल्या प्रत्येकाचं सकाळचं दूध एक दिवस मागच्या तारखेला पडलं होतं. पावसात आजींना उशीर झाला, पावणेसहाला आल्या, की ती नोंद बरोबर तारखेला, म्हणून तिच्या आदल्या तारखेला काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत लवकर आल्या की तीही नोंद याच तारखेला, म्हणून तिथे दोन. साडेपाचनंतर येणाऱ्या पन्नासेक घरांचा हिशोब चोख होता, संध्याकाळचं सगळं चोख होतं. फक्त जे सगळ्यात लवकर उठतात त्यांच्याच नोंदी सरकल्या होत्या. मी ते डिलीट केलं असतं तर तीन वर्षांत आजींचं किती दूध कागदावरून नाहीसं झालं असतं याचा हिशोब मी त्या रात्री केला, तो आकडा इथे लिहीत नाही, पण मला झोप लागली नाही.

उपाय अगदी सोपा आहे, प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवायचे आणि मग तारीख काढायची. पण तो माहीत असायला आधी कुणाच्या तरी हातातलं कार्ड फाइलीशेजारी ठेवून बघावं लागतं. आम्ही मग दहा घरांची कार्डं मागवली आणि एप्रिलपासून बिलागणिक जुळवली.

फोटोंचं वेगळंच. बँक पासबुकाचे फोटो आम्ही ॲपमध्ये ठेवले होते, फाइलीत त्यांची फक्त लिंक येते, फोटो तिकडेच राहतो आणि अकाउंट गेलं की लिंक मरते. ते एक-एक डाउनलोड करायला छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्ले स्टोअरची 'अपलोड की', म्हणजे अपडेट टाकताना लागणारी डिजिटल किल्ली, पण त्यांच्याकडे होती, ती सेटिंगमधून उतरवून घेतली. हरवली असती तर प्ले कन्सोलमधून ती बदलून मागता येते, पण त्यात वेळ जातो आणि तोवर अपडेट टाकता येत नाही. आणि एक शेवटचं अपडेट टाकून त्यात मोठ्या अक्षरात सूचना लावली, नाहीतर शेतकऱ्यांच्या फोनवर एके दिवशी कोरा स्क्रीन दिसला असता आणि गावात वेगळीच चर्चा सुरू झाली असती.

या सगळ्यासाठी एक महिन्याचे ४९ डॉलर जास्तीचे गेले. जाऊ दिले. फरक १७ ऑक्टोबरच्या आकड्यांवर काढून दिवाळीआधी सगळ्यांना पोचला, कुणाचीही तक्रार नाही. १ नोव्हेंबरपासून नवीन साधी सिस्टीम जुनीच्या बरोबरीने चालवली, १० तारखेचं बिल दोन्हीकडून काढलं, पैशापर्यंत जुळलं, तेव्हा १२ तारखेला मी कॅन्सल करायला बसलो.

आणि तेव्हा मात्र खरंच राग आला. मोबाईलवर कॅन्सलचा ऑप्शनच नाही. वेबवर बिलिंगमध्ये प्लॅन बदला, त्यात खाली, बारीक. मग कारण विचारणार, मग तीन महिने अर्ध्या किमतीत देतो म्हणणार, मग भरीव निळं बटण 'प्लॅन चालू ठेवा' आणि खाली फिकट राखाडी अक्षरात 'कॅन्सल पुढे न्या', ते दाबलं तर चॅटवर बोला, आणि चॅट म्हणतं दोन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ. रिन्यूअल १८ ला! यालाच आपल्याकडे नाव दिलेलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध (ग्राहकाला फसवायला मुद्दाम केलेल्या स्क्रीनच्या मांडणीविरुद्ध) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार आहेत, सबस्क्रिप्शन ट्रॅप त्यातलाच एक, म्हणजे घेताना एक क्लिक आणि सोडताना भुलभुलैया. भारतात सेवा विकणाऱ्या परदेशी प्लॅटफॉर्मनाही ती लागू आहेत. मी चॅटमध्ये तारखेसकट हेच लिहिलं, प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट जोडला, आणि उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करणार असं साध्या शब्दांत कळवलं. १४ ला कन्फर्मेशन आलं.

मला हे इतकं लागतं त्याला एक कारण आहे. २०१६ च्या जानेवारीत मी पहिल्याच नोकरीत होतो आणि आमच्या टीमचं ॲप पार्सवर होतं, म्हणजे ॲपचा डेटा आणि लॉगिन सांभाळणारी ती सर्व्हिस जी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली होती. ती बंद होतेय अशी बातमी आली आणि ऑफिसात सन्नाटा पसरला. पण त्यांनी वर्षभराची मुदत दिली, डेटा हलवायचं टूल दिलं, सर्व्हरचा कोडच ओपन सोर्स करून टाकला. आम्ही सगळं सुखरूप बाहेर काढलं. म्हणजे अख्खी सर्व्हिस बंद करतानाही लोकांचा डेटा नीट हातात देता येतो, मग चालू असलेल्या कंपनीला साठ घरांचं केंद्र सोडून जाताना एवढं अडवायची काय गरज आहे?

कॅन्सल झाल्यावरही डेटा तिकडेच होता, कारण अकाउंट नुसतं फुकट प्लॅनवर गेलं होतं. लोकांची पासबुकं तिथं ठेवून येणं मला शक्य नव्हतं. त्यामुळे डिलीटसाठी वेगळी विनंती केली, तिचंही लेखी उत्तर मागितलं, ते आलं, मग बँकेतून मँडेट काढून टाकलं. १७ ला रात्री मी मेसेजची वाट बघत होतो, उद्या इतके पैसे कापले जातील असा. आला नाही.

आता काकांचा सगळा हिशोब एका एसक्यूलाइट फाइलीत आहे, म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत, तीन वर्षांचा मिळून काही एमबी. रोज रात्री तिची एक कॉपी काकांच्या मेलवर जाते आणि एक माझ्याकडे. १ डिसेंबरला पहाटे मी मुद्दाम पुण्यात अलार्म लावून उठलो. ५:११ ला पहिली ओळ आली. आजी, सकाळ, म्हैस, १.७ लिटर, फॅट ७.२. तारीख १ डिसेंबर.