भिंतीवरचे हाताचे डाग

मागच्या श्रावणात आई पडली. पहाटे साडेतीनला लघवीला उठली आणि पलंगापासून चार पावलांवर तिचा तोल गेला. सगळा भार डाव्या हातावर आला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. वय 76. खुब्याचं हाड वाचलं, एवढंच नशीब.

मी पुण्याहून साताऱ्याला पोचले ती बाथरूम नीट करायचं ठरवूनच. म्हातारं माणूस पडतं ते बाथरूममध्ये, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आई बाथरूमपर्यंत पोचलीच नव्हती, याचा विचारही केला नाही.

पहिला मिस्त्री टॉवेलचा रॉड घेऊन आला. "ताई, धरायलाच पायजे ना, मग हा चालतोय की." मी त्याला परत पाठवलं. तोल जाताना माणूस सगळ्या वजनानिशी लटकतं, तेव्हा असला रॉड स्क्रूसकट उपटून हातात येतो. मग आधारासाठीच बनवलेले जाड स्टीलचे दांडे आणले. दुसऱ्या मिस्त्रीने आधी टाइलवर नाणं वाजवून पाहिलं. एक टाइल पोकळ वाजली, ती सोडून शेजारी थेट विटेत जाईल असा बोल्ट ठोकला. दांडा बसल्यावर स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं.

उंचीचं माप घ्यायची वेळ आली. साधारण 33 ते 36 इंचांवर लावतात, पण आई ठेंगणी. तिला उभं करून माप घेताना माझी नजर भिंतीवर गेली. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत एका उंचीवर काळपट, तेलकट डाग होते. कपाटाच्या कडेला होते, दाराच्या चौकटीला होते. आईचा तळवा जिथे टेकत होता तिथे.

"आई, अशी भिंत धरून कधीपासून चालतेस?"

"दिवाळीपासून असेल गं."

मग एकेक बाहेर आलं. मागच्या मोरीतल्या शेवाळावरून एकदा घसरली होती. एकदा देवघरात पाटावरून उठताना भोवळ येऊन तिथेच बसली होती. दोन्ही वेळा कुणाला काही बोलली नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही मला इथून हलवलं असतं," ती म्हणाली. मला रडू आलं. या घराला कुलूप लावायचं नाही, असा शब्द मी तिला त्याच दिवशी दिला.

हे सगळं डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी आईला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं: वरचा आकडा 138. उभं करून घेतलं तर 112. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते पडण्याचं मोठं कारण ठरू शकतं. बीपीची गोळी होतीच, शिवाय झोपेची अर्धी गोळी ती कित्येक वर्षं घेत होती. डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचा डोस बदलला आणि झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली. या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. उठतानाची रीत ठरली: आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून काठावर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, शंभर आकडे मोजायचे आणि मगच उभं राहायचं.

प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओ आल्या. त्यांनी आईला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवलं, वळवून परत आणून बसवलं आणि घड्याळ लावलं. 19 सेकंद. बाराच्या पुढे गेलं की काळजी घ्यायची, असं त्या म्हणाल्या. मग रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता दहादा उठायचं. तीन महिन्यांनी 14 सेकंद भरले. घरात जे काही बदललं, त्यात सर्वांत जास्त उपयोग या व्यायामाचा झाला असं माझं मत आहे.

बाकीची कामं एका शनिवारात उरकली. पायपुसणी काढली, गाऊन चार बोटं आखूड केला, मोरी घासून घेतली, पलंगाखाली पाऊल टेकताच लागणारा दिवा बसवला. उंबरठ्याचा वाद मात्र दोन दिवस चालला. मी काढून टाकू म्हणत होते. "लक्ष्मी येते त्यावरून. रांगोळी कुठे काढू मी?" शेवटी उंबरठा राहिला, कडेला ठळक पिवळा पट्टा ओढला आणि चौकटीला उभा दांडा लावला.

गेल्या मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. तिचा फोन एरवी रात्रीचा असतो, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला.

"पडले नाही गं. पण मागच्या पायरीवर पाय जरा लटपटला. म्हटलं, तुला सांगावं."

शनिवारी मिस्त्रीला बोलावलंय.