चीर दिल्याशिवाय भाजायचे नाही

व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचे लग्न, आटोपले की पुढच्या रविवारी आमच्या मंडळाचे स्नेहसंमेलन. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली ही जुनी रीत. समई, ईशस्तवन, अहवाल, शाल-श्रीफळ हे यथासांग होते. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

लिहायचे ते मध्यंतराआधीच्या अर्ध्या तासाबद्दल. परदेशात राहणारी आमची माणसे सुटीवर आलेली असतात. तिकडच्या शरदात काय पिकते, ते कसे रांधतात आणि आपल्या सणाला कसे बसवतात, हे त्यांनी सांगायचे. प्रमुख पाहुण्यांच्या संस्कृतीवरच्या भाषणात जांभया देणारी मंडळी इथे सरसावून बसतात. ‘किलोभर गराला आठशे ग्रॅम साखर’ असे माइकवरून कुणी सांगितले की या लेखकाचा घसा दर वर्षी दाटतो. माप सांगणारा माणूस आपल्या हातचे देऊन टाकत असतो.

लिस्बनकरांचा मान पहिला. 11 नोव्हेंबरला पोर्तुगालात सांव मार्तीन्युचा सण, त्या दिवशी चेस्टनट भाजून खायचे. रस्त्याच्या कोपऱ्यांवरही त्या दिवसांत भाजणारे उभे असतात. चेस्टनट काजूसारखे तेलकट नसते, उकडलेल्या रताळ्यासारखे पिठूळ आणि गोडसर असते. आधी पाण्यात टाकायचे. तरंगतील ते किडके किंवा सुकलेले, ते काढून टाकायचे. मग फुगीर बाजूला आडवी चीर, साल आणि आतला पापुद्रा दोन्ही कापले जातील इतकी. चीर विसरली की आत वाफ कोंडते, फळ फुटते आणि ओव्हनभर पीठ होते. मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग 200 अंशांवर 20 ते 25 मिनिटे. काढल्यावर जाड फडक्यात दहा मिनिटे गुंडाळून ठेवायचे आणि गरम असतानाच सोलायचे. थंड झाले की तुरट पापुद्रा गराला चिकटतो, नखे दुखतात. सोललेली फळे खतखत्यात, म्हणजे आपल्या मिश्र भाजीत, आठळ्यांच्या जागी चालतात, मात्र तिरफळांबरोबर अगदी शेवटी घालायची, नाहीतर विरतात.

इंग्लंडातून येणारे इथे हटकून उठून इशारा देतात, आणि तो दर वर्षी दिलाच पाहिजे. तिकडच्या बागांतून हॉर्स चेस्टनटचाही सडा पडतो, तो विषारी. खायच्या फळाच्या वेष्टनावर सुयांसारखे दाट काटे असतात आणि फळाला टोक असते. विषारी फळाच्या वेष्टनावर काटे जाड आणि विरळ, फळ गुळगुळीत, बिनटोकाचे. शंका आली तर उचलूच नये.

त्यांचा दुसरा विषय ब्रॅम्ली सफरचंद. इतके आंबट की कैरीची उणीव भागते, म्हणून त्याचा मेथांबा करतात. अर्धा किलो फोडींना दोनशे ग्रॅम गूळ, चहाचा एक चमचा मेथी. ब्रॅम्ली शिजताच विरघळते, म्हणून फोडणीत तिखट-मीठ आणि पाण्याचा हबका देऊन गूळ आधी वितळवायचा, फोडी शेवटी घालायच्या, झाकण न ठेवता तीन-चार मिनिटे. मेथी काळी पडली तर सगळे कडू, तिथे गूळही वाचवत नाही. भोपळ्याचे घारगे करणाऱ्यांनी हॅलोविनला कोरायचा मोठा भोपळा घेऊ नये. तो पाणचट आणि दोऱ्यांचा असतो, पीठ सैल होत जाते आणि घारगा तेल पितो. बटरनट जातीचा भोपळा घ्यावा, तोही उकडण्यापेक्षा ओव्हनमध्ये भाजून.

सगळ्यात रंगते ते क्विन्स, सफरचंदाच्या कुळातले पिवळे फळ. पोर्तुगीज त्याची मार्मेलाद, म्हणजे घट्ट वडी, करतात. कच्चे फळ तुरट, दाताला लागते. शिजवून गर गाळायचा, साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. फिकट पिवळा गर हळूहळू विटकरी होतो. उडतो, भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव हवा. डाव ओढल्यावर तळ दिसला आणि क्षणभर तसाच राहिला की उतरवायचे. एवढे ऐकले की पुढच्या रांगेतल्या काकी म्हणतात, ‘म्हणजे आमची पेराद!’ खरेच आहे: पेरूच्या वडीची, पेरादची, हीच रीत, दोन्ही फळांत गर घट्ट धरवणारे पेक्टिन भरपूर. मग लिंबू पिळायचे की नाही यावर सभागृहात दोन तट पडतात आणि सूत्रसंचालकाला कोणी जुमानत नाही.

नरकचतुर्दशीच्या पोह्यांचे सांगताना मात्र सगळे गप्प होतात. पायाखाली चिरडायचे कडू करीट तिकडे नाही. पण रोसांतले फोव, म्हणजे नारळाच्या रसातले पोहे, जमतात: डबाबंद नारळाच्या दुधाच्या निम्मे कोमट पाणी, त्यात गूळ विस्तवावर न ठेवता विरघळवायचा. उकळले तर रस फाटतो. पोहे जाडच हवेत, चाळणीत धुऊन दहा मिनिटे निथळलेले. पातळ पोह्यांचा लगदा होतो.

एवढे सगळे ऐकायला खुर्च्या भरलेल्या असाव्यात ना? जवळपास कुठे कालो (देवळातला उत्सव) किंवा जत्रा असली की अर्ध्या रिकाम्या. ‘नक्की येतो’ म्हणणारे नेमके ताट वाढताना उगवतात. हे सत्र दहा मिनिटांवर आणावे असेही कार्यकारिणीत सुचवले जाते. जे सुचवतात ते उशिरा येणाऱ्यांतलेच.

आभार अहवालात दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे नीट. नारळ खोवून देणाऱ्या देवळामागच्या तिघी जावा. चुलीजवळचे आचारीमामा आणि त्यांचा भाचा. गावठी पोहे देणारे माशेलचे दुकानदार. सतरंज्या अंथरणारे हायस्कूलचे विद्यार्थी, त्यांचे चित्रकलेचे सर, फलकावरची रांगोळी सरांच्याच हातची. पाव पाठवणारे पदेर, चहाची किटली घेऊन फिरणारे माजी खजिनदार, चपला सांभाळणारे आजोबा. सूटकेसमधल्या कपड्यांत गुंडाळून मार्मेलादच्या वड्या आणणाऱ्या लेकी-सुना. भांडी घासायला थांबणाऱ्या बायका, ज्यांना फोटोत कोणी बोलावत नाही. आणि जनरेटरवाला. त्याचे नाव दर वर्षी राहते.