दोन प्राणी, एक भाडं

बेळगावात भाड्याची गाडी चालवून चौदा वर्षं झाली. जूनमधलं ते भाडं पुण्याच्या दोघांचं. कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम आणि त्यांचा विद्यार्थी. दिवसा भीमगड अभयारण्य, रात्री आंबोली.

खानापूर सोडलं आणि मागच्या सीटवर वाद पेटला. जास्त धोक्यात कोण, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ की आंबोलीचा बेडकासारखा भेक? पोरगं वटवाघळाच्या बाजूचं. 1913 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि पुढं जवळजवळ नव्वद वर्षं ही गुहा सोडून जगात त्याचा दुसरा पत्ताच नव्हता. मग मेघालयात, कंबोडियात सापडलं. कान एवढाले, की थेट तोंडावर आलेले. माझं आजोळ जांबोटीचं, पण मीही ते कधी पाहिलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "अरे, ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 2011 पासून भोवती अभयारण्य आहे. भेकाला नावच 2009 मध्ये मिळालं. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त, आणि फिरतो कुठं, तर गाड्यांच्या रस्त्यावर!"

गुहेकडं जाता आलंच नाही. परवानगीचा कागद नव्हता, चूक आमचीच. नाक्यावरनं गाडी वळवली. मला बरंच वाटलं. झोपलेल्या वटवाघळांवर बॅटऱ्या मारणारी माणसं काय कमी आहेत?

रात्री आंबोलीत पावसाची झड आणि धुकं.

"दादा, थांबा!"

डांबरावर अंगठ्याएवढा जीव. तांबूस, कुशीला पिवळट पट्टे. पहिल्या पावसात हे जांभ्या कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालायला निघतात म्हणे. या रस्त्यानं मी शेकडो फेऱ्या मारल्यात. मला तो ओला पाचोळा वाटायचा.

मग पोरगं बॅटरी घेऊन पुढं चालत, भेक उचलून कडेला ठेवत. मागनं मी फर्स्ट गिअरवर. तेवढ्यात मागनं एक टेम्पो हॉर्न मारत पुढं गेला. त्यानं दोन चिरडले. मॅडमनी वहीत वेळ लिहिली.

गाडीत बसल्यावर पोरगं हळूच म्हणालं, "तरी वटवाघळापुढं यादीत 'माहिती अपुरी' असंच लिहिलंय, मॅडम. ते कमी झालं तर कळणार कुणाला?"

मॅडम काचेबाहेर बघत राहिल्या.

अर्धा तास गेला त्या पट्ट्यात. हिशेब करताना त्याचं वेटिंग मी धरलं नाही.