चालत्या गाडीवरून उतरलं की गाडी पळते का? छाननीतला माझा अनुभव

भाचीचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प छाननीत अडकला होता, तो शेवटी सुटला. पण त्या टेबलावर मिळालेल्या वागणुकीचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरी नववी-दहावीचं पोर संवेगावर (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) काही करायच्या तयारीत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

विषय तिनेच निवडला होता. रुळावर गाडी, गाडीवर माणूस, आणि माणूस हलला की गाडीचं काय होतं. माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम, त्यामुळे गाडी बनवायला वेळ लागला नाही. अँगलची चौकट, वर प्लायवूड, खाली सरकत्या गेटला लावतात ती खाचेची चाकं आणि जमिनीवर उलटा अँगल टाकून केलेला रूळ. भाचीचं वजन 40 किलो. हिशेब सुटसुटीत यावा म्हणून चौकटीत लोखंडाचे तुकडे टाकून गाडी 60 किलोची केली.

पहिला भाग सगळ्यांना पटला. थांबलेल्या गाडीवर ती एका टोकाकडून 2 मीटर चालली की गाडी उलट्या दिशेला सरकते आणि ती थांबली की गाडीही थांबते. 40 गुणिले 2 भागिले 100, म्हणजे गणितानं 80 सेंटिमीटर. आमची गाडी 70 च्या आसपास सरकायची. गाडी आधीच चालती असेल तर ती पुढे चालू लागल्यावर गाडी मंदावते आणि ती थांबली की पुन्हा पहिल्या वेगाला येते. इथे एक सांगतो, चाल चटकन असू दे. रेंगाळत चाललं की घर्षणाला जास्त वेळ मिळतो आणि आकडा बिघडतो.

अडलं ते तिसऱ्या निष्कर्षावर. भाचीनं लिहिलं होतं की चालत्या गाडीवरून माणूस बाजूला नुसता उतरला, तर गाडीचा वेग बदलत नाही. अर्ज परत आला. शेरा असा, की हा निष्कर्ष संवेग अक्षय्यतेच्या नियमाशी (बाहेरून बल लागलं नाही तर एकूण संवेग कायम राहतो) जुळत नाही, दुरुस्त करा.

तपासणाऱ्यांनी समोर बसून हिशेब मांडला तोही ऐका. गाडी आणि मुलगी मिळून 100 किलो, वेग सेकंदाला 1 मीटर, म्हणजे संवेग 100. मुलगी उतरली, 60 किलो उरले. संवेग तर 100 च राहायला हवा, म्हणून वेग 1.67 झाला पाहिजे. कागदावर हे इतकं साफ दिसतं की कुणीही मान डोलवेल. पण ते चूक आहे. उतरणारी मुलगी स्वतःचा 40 संवेग बरोबर घेऊन जाते. पाय जमिनीला लागतानाही ती सेकंदाला 1 मीटर वेगानं पुढेच जात असते, म्हणून तर चालत्या बसमधून उतरलेला माणूस चार पावलं बसबरोबर पळतो. तिचे 40 आणि गाडीचे 60, झाले 100. नियम कुठेही मोडला नाही. जो संवेग कायम राहतो तो दोघांचा मिळून, एकट्या गाडीचा नव्हे.

भाचीनं त्यांच्यासमोर मलाच विचारलं, "मामा, मी गाडीला ढकललोच न्हाई, मग ती पळंल कशी?" सगळं भौतिकशास्त्र या एका प्रश्नात आहे. समोरच्यांनी कागदावरून मान वर केली नाही.

ऑनलाइन अर्जात खुलासा लिहायला रकाना नाही. दुरुस्ती करून पुन्हा पाठवा, एवढंच बटण. प्रत्यक्ष गेलो की मीटिंग चालू, बाहेरच्या बाकावर बसा. मुदत जवळ येत होती. शाळेतूनही सुचवलं गेलं की निष्कर्ष बदलून टाका, प्रकल्प पुढे तरी जाईल. भाचीनं साफ नकार दिला. मला तिचा फार अभिमान वाटला. जे डोळ्यांनी पाहिलंय त्याच्या उलट मुलानं लिहावं आणि वर त्याला विज्ञान म्हणावं, हे मला आजही सहन होत नाही.

मग पुरावाच तयार केला. रुळाच्या सुरुवातीला खाली पाचर घालून थोडा उतार दिला आणि दर वेळी एकाच खुणेवरून गाडी सोडली, म्हणजे सपाटीवर येताना वेग तोच मिळतो. रुळाशेजारी मोजपट्टी, मोबाईल स्टँडवर, सेकंदाला 30 फ्रेम. उतरण्याआधी 1 मीटरला 30 फ्रेम लागत होत्या. ती बाजूला उतरल्यावर गाडीला 30-31. मग तिला मागच्या बाजूला अशी उडी मारायला लावली की जमिनीवर जागच्या जागी उभी राहील. आता ती संवेग घेऊन गेलीच नाही, सगळा 100 गाडीच्या वाट्याला आला आणि 1 मीटर 18-19 फ्रेममध्ये सरला. तपासणाऱ्यांचा 1.67 हा आकडा इथे खरा ठरतो, कारण इथे पायानं ढकललेलं असतं. उलट बाजूही दाखवली. एकट्या गाडीवर वरून 20 किलो वाळूचं पोतं सोडलं की वेग 1 वरून 0.75 वर येतो, कारण पोत्याला पुढे ओढायचं काम गाडीला करावं लागतं. चढणाऱ्यानं वेग कमी होतो, म्हणून उतरणाऱ्यानं वाढायलाच हवा असं मात्र नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

गाडी आणि रूळ छोटा हत्तीत घालून थेट आवारात नेले. पहिले गृहस्थ खाली आलेच नाहीत. दुसरे एक वयस्कर सर आले, फ्रेमचा तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, "मला चढू द्या." बाजूला उतरले, वळून गाडीकडे बघितलं. पुन्हा चढले, या वेळी मागे उडी मारली आणि गाडी सुसाट गेली. अर्जावर तिथेच सही झाली. माझा जीव भांड्यात पडला.

राहिलेल्या गोष्टी सांगतो. चाकांच्या बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस रॉकेलनं धुऊन पातळ मशीन तेल सोडा, फरक लगेच दिसेल. रूळ गवंड्याच्या लेव्हल पाईपनं सपाट करा. पोराला हेल्मेट घाला, मागे उडी मारताना गादी टाका. दोन मुलं असतील तर आधी दोघांनी एकदम आणि मग एकामागून एक मागे उडी मारून बघा. गाडीच्या सापेक्ष सेकंदाला 2 मीटरची उडी धरली, तर 40 किलोची दोन मुलं आमच्या थांबलेल्या गाडीला एकदम उडीनं 1.14 आणि एकामागून एक उडीनं 1.37 वेग देतात. आणि अर्जासोबत फ्रेमचा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा, शेरा यायची वाट बघू नका.