विमा होता, कागद नव्हता

‘ताई, गाडी बाजूला घ्या.’ चेंबूरच्या सिग्नलला हवालदारांनी हात दाखवला तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. सीटबेल्ट लावलेला, फोन पर्समध्ये. लायसन्स दाखवलं, पीयूसी दाखवलं. मग समोरच्या खणातून विम्याचा कागद काढला, तर तो मागच्या वर्षीचा, मुदत संपलेला.

विमा संपला नव्हता. बाबांनी तीन आठवड्यांपूर्वीच तो दुसऱ्या कंपनीकडे काढला होता. पण हवालदारांच्या मशीनमध्ये जुनीच तारीख दिसत होती, कारण नव्या कंपनीकडून माहिती पुढे गेलीच नव्हती. डिजिलॉकरमध्ये माझं लायसन्स तेवढं होतं. गाडी बाबांच्या नावावर. त्यांना फोन केला. ‘कपाटात आहे गं, गुलाबी फाईलमध्ये.’ गुलाबी फाईल मुलुंडला, मी चेंबूरला, आणि मागे बेस्टची बस हॉर्न वाजवतेय.

हवालदार सज्जन होते. ‘मशीनमध्ये दिसतं तेच मी टाकणार ना ताई,’ म्हणाले आणि २००० रुपयांचं चलन फाडलं. फाडलं म्हणायचं आपलं, आता ते ऑनलाइन निघतं. मेसेजही बाबांच्याच मोबाईलवर गेला.

घरी बाबांचा सूर एकच : भरून टाक, दोन हजारांसाठी खेटे कोण घालणार? मीही भरणारच होते. पण मामा आले होते. वकिलांकडे कारकुनीत त्यांचा जन्म गेला. त्यांनी चष्मा लावून आधी कलम वाचलं. ‘हे १९६ आहे. म्हणजे गाडीला विमाच नाही, असं लिहिलंय. विमा नसणं वेगळं आणि कागद जवळ नसणं वेगळं.’

खरंच वेगळं आहे. विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४००० रुपये. कागद दाखवता आला नाही, तर कलम १७७ खाली पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० रुपये. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३९ व्या नियमात, कागद जवळ नसतील तर १५ दिवसांत सादर करण्याची सोय आहे. मुकाट्याने दोन हजार भरले असते, तर न केलेला गुन्हा मी कबूल केला असता. मला पैशांपेक्षा ते जास्त झोंबलं.

मग वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदवली. चलन उघडायला गाडीचा नंबर आणि चॅसी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर असतात. पहिली तक्रार फेटाळली गेली. चूक माझीच. घाईत मी हप्ता भरल्याची पावती जोडली होती, तिच्यावर गाडीचा नंबरच नव्हता. मामांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या वेळी पूर्ण पॉलिसी जोडली. गाडीचा नंबर, चॅसी क्रमांक आणि विमा कधीपासून कधीपर्यंत, या तिन्हींवर लाल पेनाने गोल केले. मजकूर तीनच ओळींचा : चलन क्रमांक, तारीख, त्या दिवशी विमा चालू होता. पल्हाळ लावायचा मोह मामांनी आवरायला लावला. आणि पंधरा दिवस उलटायच्या आत चौकीवर जाऊन प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिथे कुणी फारसं काही विचारलं नाही.

नऊ दिवसांनी साइट उघडली, तर प्रलंबित चलनांत आमचं चलन नव्हतं. विमा कंपनीला मात्र दोन मेल आणि एक चढ्या आवाजातला फोन करावा लागला. मगच गाड्यांची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एमपरिवहन ॲपवर नवी तारीख उमटली.

पॉलिसीची प्रत आता गाडीत आहे, माझ्या फोनमध्येही आहे. बाबा हल्ली प्रत्येक कागदाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. काल विजेचं बिल आलं, दोनदा.