मॅकेनच्या त्या मताची बाजू मी का घेते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. गणपतीला विचारता, फराळाला विचारता, टॅक्सचे कागद द्यायला येता तेव्हा तर हमखास विचारता. ‘तू पक्की रिपब्लिकन. ओबामाकेअरच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडलीस. आणि ते रद्द व्हायची वेळ आली तेव्हा ज्याने ऐन वेळी पाय मागे घेतला, त्या मॅकेनची बाजू घेतेस?’ हा झाला एक प्रकार. (ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा. मॅकेन म्हणजे आमचे ॲरिझोनाचे तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर. जुलै २०१७ मध्ये तो कायदा मोडायच्या मतदानात त्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि प्रकरण तिथेच पडलं.) दुसरा मला जास्त झोंबतो. डेमोक्रॅट मैत्रिणी खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘पटलं ना गं शेवटी तुला!’ नाही पटलं. तो कायदा मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही त्यातली निम्मी कलमं वाचताना डोकं उठतं.

मिरजेच्या मावसभावाचा प्रश्न वेगळाच. ‘ताई, पक्षाने त्याला काढून नाही टाकलं?’ मी त्याला सांगितलं, इथला व्हिप म्हणजे मतं मोजणारा, मनधरणी करणारा, फार तर डोळे वटारणारा माणूस. आपल्याकडे १९८५ साली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली, तसलं इथे काही नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सिनेटरची जागा जात नाही. त्यावर तो म्हणाला, ‘आमच्याकडे एकट्याने केलं तर आमदारकी जाते, चाळीस जणांनी मिळून केलं तर सरकार येतं.’ असो.

मी ॲरिझोनात, चँडलरला राहते. लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. नवऱ्याचाही स्वतःचाच धंदा, त्यामुळे आरोग्यविमा आम्हाला आमचा आम्हीच घ्यावा लागतो. आमच्या भागात २०१७ साली काय झालं ते इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांना कल्पना नसते. २७ वर्षांच्या माणसासाठी जो मधल्या दर्जाचा ‘सिल्व्हर’ प्लॅन माप म्हणून धरतात, त्याचा फिनिक्समधला महिन्याचा हप्ता २०१६ मध्ये २०७ डॉलर होता, तो एका वर्षात ५०७ झाला. १४५ टक्के वाढ! मॅरिकोपा काउंटीत एक्स्चेंजवर, म्हणजे या कायद्याच्या सरकारी विमाबाजारात, एकच कंपनी उरली. शेजारच्या पिनाल काउंटीत तर आधी काही आठवडे अशी स्थिती होती की २०१७ साठी एकही कंपनी उभी राहायला तयार नव्हती. ज्यांना सबसिडी होती त्यांची वाढ सरकार सोसत होतं. आमच्यासारख्यांची आम्हीच. तेव्हा ‘रिपील अँड रिप्लेस’ (हा कायदा रद्द करा, दुसरा आणा) म्हणणाऱ्या मॅकेनना नोव्हेंबर २०१६ मध्ये मी मत दिलं, ते काही देखाव्याला नाही.

आणि एप्रिल २०१७ मध्ये एक जोडपं आलं. स्विमिंग पूल साफ करायचा धंदा. दोघंही साठी ओलांडलेली, तिला मधुमेह, इन्सुलिनवर. त्याच्या हातांना क्लोरीनचा वास कायमचाच, बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडलेली. २०१६ मध्ये त्याने सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) सुरू केली होती. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की यातल्या काही भागावर टॅक्स लागत नाही. खरंच आहे ते. पण विम्याच्या सबसिडीचा हिशोब ज्या फॉर्म ८९६२ वर होतो, तिथे सोशल सिक्युरिटीचा पै न् पै उत्पन्नात धरतात. दोन माणसांच्या घराला त्या वर्षी मर्यादा होती ६३,७२० डॉलर, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के. ती ओलांडली की सबसिडी कमी होत नाही, संपते. आणि वर्षभर आगाऊ मिळालेली सगळीच्या सगळी परत करावी लागते. त्यांचं उत्पन्न सहा-सात हजारांनी वर गेलं होतं. परतफेड निघाली साडेसात हजार डॉलरच्या आसपास.

मी आकडा पुन्हा लावून पाहिला. आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पैसे भरले तर उत्पन्न खाली येतं, मुदतही अजून होती. पण उत्पन्न तेवढं खाली आणण्याइतके पैसे गाठीला असते तर ती माणसं माझ्यासमोर तशी बसलीच नसती. विम्याच्या सबसिडीचा कागद, १०९५-ए, ज्या पाकिटातून आला होता त्याच्याच पाठीवर त्याने तो आकडा लिहून घेतला. मग विचारलं, ‘विमा घेतलाच नसता तर दंड किती बसला असता?’ विमा नसेल तर दंड, हे त्याच कायद्यातलं कलम. मला खोटं बोलता येईना. माणशी ६९५ डॉलर, दोघांचे १,३९०. तो पाकिटाकडे बघत म्हणाला, ‘म्हणजे विमा न घेण्यापेक्षा घेण्याचा दंड मोठा.’ बायको म्हणाली, ‘माझं इन्सुलिन मग कुठून आणलं असतंस?’ त्यावर तो काही बोलला नाही. मी फॉर्म ९४६५ काढला आणि आयआरएसकडे (कर खात्याकडे) हप्ते बांधून घेतले. त्या दोघांनी सह्या करताना एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी फी घ्यायची मला लाज वाटली. पण घेतली.

तेव्हा जुलैमध्ये मी स्वतः मॅकेनच्या फिनिक्सच्या कार्यालयात फोन करून ‘होय म्हणा’ असं सांगितलं, यात नवल काय? पलीकडच्या मुलीने नाव आणि झिपकोड उतरून घेतला. हे मी आजवर कोणापासून लपवलेलं नाही, आणि तो फोन करायला नको होता असंही मला वाटत नाही. एप्रिलमध्ये जे पाहिलं होतं त्यावर तोच फोन योग्य होता.

मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच २५ जुलैला मॅकेन डोळ्यावरच्या ताज्या टाक्यांसह सिनेटमध्ये परतले. ओबामाकेअर रद्द करण्यावर चर्चा सुरू करायला त्यांनी ‘होय’ म्हटलं. ५०-५० झालं आणि उपाध्यक्ष पेन्स यांच्या मताने गाडी पुढे गेली. मग लगेच केलेल्या भाषणात त्यांनी सगळ्यांचे कान टोचले: समित्यांमध्ये बसा, दोन्ही पक्षांनी मिळून कायदा करा. त्याच रात्री मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी विम्याला) मोठी कात्री लावणाऱ्या मोठ्या पर्यायी मसुद्यालाही त्यांनी ‘होय’ म्हटलं. तो ४३-५७ ने पडला. त्यांना संत करणाऱ्या मैत्रिणींनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

२७ तारखेला वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे दहा वाजले असताना, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी सातला, ‘स्किनी रिपील’चा, म्हणजे छाटून बारीक केलेल्या रद्दीकरणाचा, मसुदा बाहेर आला. आठ पानं. मी छापून घेतली आणि जेवणं उरकल्यावर टेबलावर पेन घेऊन बसले. माझी नजर एकच गोष्ट शोधत होती: ४०० टक्के. ते कुठेच नव्हतं. विमा नसल्याचा दंड शून्य, म्हणजे रिटर्नच्या १०४० फॉर्मवरची ओळ ६१ निकालात. कामगारांना विमा देण्याची मोठ्या कंपन्यांवरची सक्ती काही वर्षं स्थगित. आणखी दोन-चार गोष्टी. पूलवाल्याचे साडेसात हजार होते तिथेच, मर्यादाही तिथेच. काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज होता की दंड गेला की धडधाकट लोक विमा सोडतील, १ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर जातील आणि हप्ते वीसेक टक्क्यांनी चढतील. कोणाचे चढतील? ज्यांना सबसिडी नाही त्यांचे. म्हणजे माझे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचे.

आणि त्याच दिवशी रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम मॅकेनना शेजारी घेऊन पत्रकारांना सांगून मोकळे झाले होते की हा मसुदा वाईट आहे, आणि हाऊस (खालचं सभागृह) तो आहे तसा मंजूर करणार नाही अशी हमी मिळाली तरच आम्ही त्याला मत देऊ. आम्ही पास करतो, तुम्ही मात्र कायदा होऊ देऊ नका! ‘आयआरएस हा वाचणार नाही अशी हमी द्या, मग सही करते’ असं म्हणून मी कोणाचा रिटर्न भरला तर माझा परवाना दुसऱ्या दिवशी जाईल. मला त्या मताचं जे पटलं ते एवढंच आहे. ओबामाकेअर वाचलं म्हणून नाही. जो कायदा व्हायला नको असं मत देणाऱ्यालाच वाटतं, त्याला मत देऊ नये, इतकी साधी गोष्ट.

आमच्याकडे साडेदहा वाजले होते. मतदानाला मॅकेन पुढे आले, हात वर केला. व्हिएतनामच्या कैदेतल्या दुखापतींमुळे तो खांद्याच्या वर जात नसे. अंगठा खाली. ४९-५१. डेमोक्रॅटांनी टाळ्या सुरू केल्या तर त्यांचे नेते शूमर यांनी हातानेच त्यांना गप्प केलं. (जाता जाता: सुझन कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकन सिनेटर तर २५ तारखेपासूनच ‘नाही’ म्हणत होत्या. त्यांना कोणी मला विचारत नाही. पुरुषाचा अंगठा दिसला, दोन बायकांची मतं हिशोबातच नाहीत.) मला आनंद वगैरे झाला नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पुढच्या वर्षीच्या हप्त्याचा.

सकाळी पूलवाल्याचा फोन. ‘पाहिलंत तुमच्या मॅकेनने काय केलं?’ मी त्याला नीट सांगितलं की त्या आठ पानांत तुझे पैसे नव्हते, तुझी मर्यादा नव्हती, उलट हप्ता वाढला असता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मोडलं तरी असतं.’

त्या माणसाला काय उत्तर देणार? मोडून काय मिळालं असतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मोडलं असतं तर कोणाला तरी पुन्हा उभं करावं लागलं असतं. आता कोणी हातसुद्धा लावणार नाही. पुढच्या जानेवारीत त्याने फाइल मागवून घेतली आणि दुसरीकडे गेला. तुम्ही म्हणाल, एक गिऱ्हाईक गेलं म्हणून एवढं काय. गिऱ्हाइकाचं नाही हो. त्याचं म्हणणं खरं ठरलं, हे सलतं. शरद ऋतूत रिपब्लिकन सिनेटर अलेक्झांडर आणि डेमोक्रॅट सिनेटर मरी यांनी दोन्ही पक्षांचा मिळून एक छोटा तोडगा काढला, तो मतदानालासुद्धा आला नाही. मॅकेननी ज्या रीतीसाठी अंगठा खाली केला म्हणतात, त्या रीतीने काहीही घडलं नाही. ४०० टक्क्यांची मर्यादा अखेर उठली ती मार्च २०२१ मध्ये, सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी, आणि त्या पन्नासात माझ्या पक्षाचं एकही मत नव्हतं. तीही तात्पुरती, पुढे वाढवून २०२५ अखेरपर्यंत. तोवर पूलवाला मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) वयाचा झालेला.

‘ट्रम्पवरचा सूड होता तो,’ असं नवरा म्हणतो. २०१५ मध्ये ट्रम्प मॅकेनच्या कैदेवरून जे बोलले, ते कोण विसरेल? असेलही थोडा सूड. सूडाने दिलेलं मत चुकीचंच असतं असं थोडंच आहे! आजारी होते, परत निवडणूक लढवायची नव्हती, म्हणून धाडस झालं, असंही म्हणतात. असेल. मग निवडणूक लढवायची नसलेले बाकीचे का गप्प बसतात?

पण नवऱ्याचा खरा मुद्दा दुसराच आहे, आणि तो तुमच्यापैकी कोणी मला अजून विचारलेला नाही. त्याच डिसेंबरमध्ये टॅक्सचं मोठं बिल सिनेटमध्ये आलं. पाचशेच्या आसपास पानं, समासात हाताने खरडलेल्या दुरुस्त्या, मतदानाच्या काही तास आधी सदस्यांच्या हातात. त्यात एक कलम होतं: विमा नसल्याचा दंड शून्य. जुलैमधल्या आठ पानांतलं तेच मुख्य कलम. मॅकेननी ‘होय’ म्हटलं, आणि हे बिल नेहमीच्या रीतीने आलं याबद्दल समाधानही व्यक्त केलं. २०१९ पासून दंड गेला आणि अंदाजपत्रक कार्यालयाने वर्तवली होती तेवढी माणसं काही विम्याबाहेर गेली नाहीत. माझ्याकडच्या कोणी फक्त दंड गेला म्हणून विमा सोडल्याचंही आठवत नाही. जुलैच्या रात्री मी पेनाने ज्याच्याखाली रेघ मारली, तो हप्ते चढण्याचा मुद्दा डिसेंबरात कुठे गेला, असं नवरा विचारतो. मी त्याला म्हणते, बिल वेगळं होतं, समित्यांमधून आलं होतं. तो समासातल्या खरडीबद्दल विचारतो. मग मी उठून चहा टाकते.

तरी जुलैच्या मताची बाजू मी घेतच राहणार. डिसेंबरच्या ‘होय’ची घेता येत नाही, आणि ती घेतल्याशिवाय जुलैची कशी घेतेस, असं विचाराल तर ते मात्र पुढच्या फराळाला विचारा, आत्ता नको.