वाऱ्याने फांदी मोडली: टेकडीच्या वहीतली कर्मं

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा पाषाण तलावाकाठी जे दिसेल ते एकेका वाक्यात लिहायचं आणि घरी येऊन क्रियापद, कर्म वेगळं काढायचं, हा उद्योग पावसाळ्यातही चालू आहे.

निसर्गाची वाक्यं बहुतेक अकर्मकच, म्हणजे कर्म नसलेली, निघतात. तेरडा फुलला, धुकं उतरलं. पाऊस तर नुसता पडतो. कर्म हवं तर खाणाऱ्या-पकडणाऱ्यांच्या मागे लागावं. 'खंड्याने मासा पकडला', 'खंड्याने मासोळी पकडली': कर्म बदललं की क्रियापद मुकाट बदलतं, कर्मणी प्रयोग. पण 'साळुंकी पाणी प्यायली' घ्या. कर्म पाणीच, तरी क्रियापद साळुंकीचं ऐकतं. पिणे, शिकणे, विसरणे ही मंडळी भूतकाळातही कर्तरीच, कर्त्याप्रमाणे बदलणारी. आणि नुसता 'ला' बघून कर्म ठरवणाऱ्यांनी 'वडाला पारंब्या फुटल्या' सोडवून दाखवावं. फुटतात त्या पारंब्या, म्हणजे कर्ता त्याच, कर्म नाहीच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वळवाच्या दिवसांतल्या एका वाक्याने: 'वाऱ्याने फांदी मोडली'. मोडणे उभयविध, म्हणजे सकर्मकही आणि अकर्मकही. 'ने' कर्त्याचाही असतो, कारणाचाही. मग वारा कर्ता आणि फांदी कर्म, की फांदीच कर्ता? भूतकाळात दोन्ही अर्थांना रूप एकच, त्यामुळे कितीही टक लावून बघितलं तरी पत्ता लागत नाही. वाक्य वर्तमानकाळात न्या. 'माकडाने फांदी मोडली'चं 'माकड फांदी मोडतं' एवढंच होतं. 'माकडाने फांदी मोडते' कुणी म्हणणार नाही. वाऱ्याचं मात्र 'वारा फांदी मोडतो' आणि 'वाऱ्याने फांदी मोडते' दोन्ही चालतं. म्हणून वहीत या वाक्यापुढे दोन्ही नोंदी ठेवल्यात, एक खोडायची घाई नाही.

प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवणारं, वेगळं असेल तर हा घोळच होत नाही. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं की 'भिडे पूल बुडाला' अकर्मक, 'मुठेने भिडे पूल बुडवला' सकर्मक. पडणे-पाडणे, उडणे-उडवणे तसेच. (वर्तमानपत्रं दरवर्षी 'पाण्याखाली गेला' लिहून मोकळी होतात.) अडतात ती मोडणे, उघडणे यांसारखी, दोन्हीकडे एकच रूप असलेली.

सध्या हातात 'उन्हाने कळी उघडली' आहे. 'उन्हाने कळी उघडते' सहज बोललं जातं, 'ऊन कळी उघडतं' फक्त कवी म्हणतील. मी ते अकर्मकात टाकलंय. कुणाकडे उलट दाखवणारं वाक्य असेल तर द्या.